संडेस्कूलमध्ये स्पेशल मूल येतंय? आधी तासाकडे बघा, मग मुलाकडे

रविवारी भक्ती चालू असताना कुठल्याही मराठी चर्चच्या कंपाउंडमध्ये चक्कर मारा. पार्किंगपाशी नाहीतर बोअरवेलच्या कट्ट्यावर एखादी आई हमखास दिसेल, सोबत आठ-दहा वर्षांचा मुलगा, तो गाड्यांच्या आरशांना हात लावत पुढे पुढे जातोय आणि ती त्याच्या मागे मागे. मोठी मुलगी संडेस्कूलमध्ये, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गात, नवरा आत बाकावर, आणि ही बाहेर. विचारलंत तर म्हणेल, "अहो, तो बसत नाही आत, बाकीच्यांना त्रास होतो." हे "बाकीच्यांना त्रास होतो" तिचं स्वतःचं वाक्य नसतं, कुणीतरी कधीतरी तिला ते ऐकवलेलं असतं, बहुतेक एखाद्या प्रेमळ आजींनीच, "अगं, आज त्याला घरी ठेवायचंस ना" असं म्हणून.

मी आठवडाभर स्पेशल स्कूलमध्ये शिकवते आणि रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत संडेस्कूल घेते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या तक्रारी माझ्या कानावर येतात. टीचर म्हणतात आम्हाला ट्रेनिंग नाही, आम्ही काय करणार. पालक म्हणतात आम्हाला एक्स्पर्ट नकोयत हो, कुणीतरी त्याला नावाने हाक मारली तरी पुष्कळ झालं. मला दोघांचंही पटतं, पण माझं मत विचाराल तर सगळी अडचण मुलात शोधायची सवय आपल्याला लागलीय. चाळीस मिनिटं सतरंजीवर हलायचं नाही, बोलायचं नाही, विचारलं की लगेच उत्तर द्यायचं, असा जो आपला तास असतो तो मुळात कुणासाठी बनवलाय हे कधी कुणी विचारतच नाही. खरं सांगू का, तो धडधाकट मुलांनाही झेपत नाही, ती फक्त गप्प बसून सहन करतात.

आधी "स्पेशल नीड्स" म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात २१ प्रकार दिलेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात फक्त ७ होते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, अंधत्व, बहिरेपणा हे तर त्यात आहेतच, पण थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारसुद्धा आहेत. सिकलसेल हे नाव विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मंडळ्यांनी नीट लक्षात ठेवावं, कारण असं मूल वर्गात अगदी नॉर्मल दिसतं आणि मग थंडीतल्या कॅम्पला पाणी कमी पिऊन दिवसभर पळवलं की रात्री हातपाय दुखून रडतं, आणि कॅम्प लीडरला वाटतं नाटक करतोय. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही, ते त्या २१ मध्ये नाहीच, पण तुमच्या वर्गात मात्र एखादं मूल असणारच, फुग्यासाठी सगळ्यात आधी उठून येतो ना, तोच. सर्टिफिकेट आहे की नाही यावर काही अवलंबून ठेवू नका, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ते यूडीआयडी कार्ड, सरकारी सवलतींसाठी लागतं, संडेस्कूलमध्ये बसायला लागत नाही.

आणि दुसरी बाजू पण सांगते, टीचरनी डॉक्टर बनू नये. दोन व्हिडिओ बघून "वहिनी, तुमच्या बाळाला ऑटिझम आहे बरं का" असं चर्चच्या दारात सांगणं म्हणजे त्या घराची पुढची सहा महिन्यांची झोप उडवणं. काही लक्षात आलंच तर बाजूला घेऊन फक्त बघितलेलं सांगा, की हाक मारली तर वळून बघत नाही, किंवा फळ्यावरचं त्याला दिसत नसावं असं वाटतं, आणि विचारा की घरी पण असं होतं का. पुढे जायची त्यांची तयारी असेल तर जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीच्या तपासणीचं केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात, २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं. तिथे पाठवा.

आता जरा अवघड विषय. चर्चमध्ये या घरांना सगळ्यात जास्त लागतं ते मुलाच्या वागण्यावर कुणी बोललेलं नाही, तर "कुणाच्या पापामुळे" हा प्रश्न. तोंडावर कुणी विचारत नाही पण प्रार्थनेत येतो बरोबर, "प्रभू, या कुटुंबात काही कबूल करायचं राहिलं असेल तर". बायबलमध्ये योहानाच्या नवव्या अध्यायात येशूच्या शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, जन्मापासून आंधळा आहे तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापाच्या, आणि येशूने दोन्ही पर्याय तिथल्या तिथे खोडून काढले. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण अजून तिथेच अडकलोय. दुसरा प्रकार बरं होण्याच्या प्रार्थनेचा. प्रार्थना जरूर करा, कोण नको म्हणतंय, पण मुलाला न विचारता पाच जणांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि त्या मुलाला स्पर्श सहनच होत नसेल तर तो किंचाळणारच, आणि मग त्या किंचाळण्याचेही भलतेच अर्थ काढले जातात. आंधळ्या बार्तीमयला येशूने आधी विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करू. त्याला दिसत नाही हे समोर दिसत असताना विचारलं होतं. तेवढं तर आपण करू शकतो. आणि एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते, फिट्सचं औषध चालू असलेल्या मुलाच्या घरच्यांना "विश्वास ठेवा, गोळ्या बंद करा" असं कुणीही, अगदी बाहेरून आलेल्या मोठ्या सेवकानेही सांगितलं, तरी पाळकसाहेबांनी तिथेच उभं राहून ते थांबवायला पाहिजे. गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट थांबतच नाही अशी वेळ येते, मूल जाऊ शकतं.

आपल्या मिशनऱ्यांच्या इतिहासाचा आपल्याला फार अभिमान, आणि तो असावाच. दादरची अंध मुलींची शाळा, आज कमला मेहता यांच्या नावाने ओळखतात ती, १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अॅना मिलर्ड यांनी सुरू केली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं, त्यात त्यांची मुलगी मनोरमाबाई यांचा मोठा वाटा होता. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणूस या कामात सव्वाशे वर्षांपासून आहे. फक्त झालं असं की काम संस्थांमध्ये गेलं आणि रविवारच्या वर्गात आलंच नाही, त्यामुळे संस्थेला नाताळात फळं वाटायला आपण जातो आणि आपल्याच बाकावरचं मूल बाहेर आरसे मोजत फिरतं.

बरं, आता प्रत्यक्ष तास. एक धडा घेऊ, मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे इवल्याशा दाण्याचं पक्षी येऊन बसतील एवढं झाड होतं ही येशूने सांगितलेली गोष्ट. नेहमीची पद्धत अशी की टीचर उभं राहून गोष्ट सांगतात, मग वचन पाठ, मग "मोहरीचा दाणा कसा असतो" असा प्रश्न, पहिल्या रांगेतली तीच दोन मुलं हात वर करतात, मग गाणं आणि खाऊ. आता समजा वर्गात तीन मुलं आहेत, एक ऑटिझम असलेला, एक डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी, आणि एक ज्याला अजिबात दिसत नाही. घरच्या डब्यातली चमचाभर मोहरी आणा. पण मोकळी देऊ नका हं, लहान मुलं ती नाकात घालतात आणि मग तुमचा रविवार कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो! जाड पुठ्ठ्यावर सेलोटेपची चिकट बाजू वर ठेवून त्यावर चार दाणे चिकटवा, प्रत्येकाला एक पुठ्ठा. ज्याला दिसत नाही तो बोटाने चाचपतो आणि त्याला दाणा किती लहान ते तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कळतं. मग बाहेर कंपाउंडमधल्या झाडाखाली सगळ्यांना न्या, बुंध्याला हात लावा, वर पक्षी आहेत का बघा, ऐका. लगेच कुणी हुशार मूल म्हणेल टीचर हे तर कडुलिंबाचं आहे, मोहरीचं नाही, म्हणू दे. चालायला मिळालं म्हणून वर्गातला तो एडीएचडीवाला खूश, डाऊन सिंड्रोमच्या मुलीला बघून आणि करून चटकन समजतं, नुसतं ऐकून तेवढं नाही, त्यामुळे ती पण खूश, आणि बाकीची पंधरा मुलं तर सतरंजीवरून सुटका झाली म्हणून सगळ्यात जास्त खूश. शेवटी प्रश्न तोंडी विचारू नका, दोन चित्रं समोर ठेवा, दाणा आणि झाड, आधी कुठलं ते बोट ठेवून दाखव. जो बोलत नाही त्यालाही उत्तर देता येतं.

ऑटिझमवाल्या मुलासाठी यात एक गोष्ट वाढवावी लागते, आणि ती धडा सुरू व्हायच्या आधीची आहे. त्याला पुढे काय होणार हे माहीत नसलं की त्याचा जीव वर-खाली होतो. म्हणून एका पट्टीवर चार चित्रं लावा, सतरंजी, पुठ्ठा, झाड, खाऊ, आणि एकेक झालं की ते चित्र उलटं करायचं. सगळं मोबाइलवर फोटो काढून प्रिंट करता येतं, तुमच्याच चर्चची सतरंजी आणि तुमचंच झाड हवं, नेटवरची परदेशी बागेची चित्रं त्याच्या काही कामाची नाहीत. आणि तास बदलणार असेल, म्हणजे पाहुणे येणार, जागा बदलणार, तर आईला शनिवारीच व्हॉट्सअॅप करा. आयत्या वेळी "आज सगळे मोठ्या हॉलमध्ये" म्हटलं की गडबड होणारच.

गडबड, म्हणजे ज्याला मेल्टडाऊन म्हणतात, ती नीट समजून घ्या कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. मूल कान झाकून जमिनीवर पडतं, ओरडतं, कधी स्वतःचा हात चावतं, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो "लाडावून ठेवलाय". हट्ट आणि हे वेगळं आहे. हट्टात मुलाला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की थांबतो, तुम्ही बघताय का यावर त्याचं लक्ष असतं. मेल्टडाऊनमध्ये त्याच्या डोक्यात आत येणारं सगळं एकदम जास्त झालेलं असतं. विरार लोकलच्या दारात संध्याकाळी सहाला लटकत असताना तुम्हाला कुणी सतराचा पाढा म्हणायला लावला तर जे होईल ते. आपल्या हॉलमध्ये ढोलकी, टाळ, कीबोर्ड, माइकची शिट्टी, ट्यूबलाइटची घुरघुर, शेजारच्याच्या केसांचं तेल, हे सगळं त्याला एकाच आवाजात येतं, आपला मेंदू जसं नको ते गाळून टाकतो तसा त्याचा गाळत नाही. अशा वेळी समजावू नका, प्रश्न विचारू नका, प्रार्थनाही नको, म्हणजे मोठ्याने तरी नको. बाकीच्या मुलांना दुसऱ्या टीचरनी बाहेर न्यावं, त्या मुलाला उचलून न्यायची घाई नको, दिवे कमी करा, आसपासच्या वस्तू बाजूला करा, आणि ओळखीच्या एका माणसाने थोडं लांब शांत बसून राहावं. दहा मिनिटं, वीस मिनिटं, जातं ते. नंतर पाणी. त्या दिवशी वचन पाठ झालं का विचारायचं नाही.

ते टाळताही येतं बऱ्यापैकी. स्पीकरपासून लांब जागा द्या, दाराजवळ, म्हणजे निसटायला सोपं. कानाला लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन मिळतात, चर्चने एक जोडी घेऊन ठेवावी. ढोलकी सुरू व्हायच्या आधी त्याला खूण करा. आणि एक रिकामी खोली हवी, स्टोअररूम असली तरी चालेल, त्यात चटई आणि एक उशी, तिथे जाणं ही शिक्षा नाही हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. आपल्याकडे जागा नाही म्हणणाऱ्यांना मी विचारते, खुर्च्या ठेवायला खोली आहे ना?

वाचनाचं सांगते, कारण हे फार सर्रास घडतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मोठ्या मुलांच्या वर्गात "प्रत्येकाने एकेक वचन वाचा" अशी पद्धत आहे. डिस्लेक्सिया असलेला, म्हणजे ज्याला वाचणं जड जातं तो मुलगा त्या क्षणी काय करतो बघा. तो आधी मोजतो, माझ्या आधी किती जण आहेत, म्हणजे माझ्या वाट्याला कितवं वचन येणार, मग ते एकच वचन तो मनात परत परत लावत बसतो, बाकीच्यांनी काय वाचलं ते त्याच्या कानात शिरत नाही. त्याचं वचन नेमकं वंशावळीतलं निघालं तर तो पाणी प्यायला उठतो, आणि दोन-तीन रविवार असं झालं की यायचाच बंद होतो. घरी सांगतो पोट दुखतंय. शाळेत त्याला दहावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, आणि देवाच्या घरात मात्र तो सगळ्यांसमोर उघडा पडतो. उपाय अगदी साधा आहे, ज्याला वाचायचंय त्याने हात वर करावा, बस. किंवा टीचरनी वाचावं, किंवा मोबाइलवरचं ऑडिओ बायबल लावावं. पाठांतर स्पर्धेलाही तेच, वचन म्हणूनच दाखवायला पाहिजे असं नाही, चित्र काढून दाखवलं, हातवारे करून दाखवलं, तीन शब्दांत सांगितलं, तरी बक्षीस तेच द्या, कमी नाही आणि दया म्हणून जास्तही नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांबाबत एकच सांगणं, थांबा. स्नायूंवर ताबा नसल्यामुळे बोलणं अडखळतं, लाळ येते, मान डुलते, आणि बघणारा धरून चालतो की समजतही नसणार. कित्येकांना सगळं समजतं, तुमच्याइतकंच. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजा, वाक्य त्याच्या तोंडातून काढून तुम्ही पुरं करू नका, आणि आईला नका विचारू "याला काय हवंय", त्याला विचारा. बोलणं शक्यच नसेल तर चित्रांवर बोट ठेवून बोलायची अॅप असतात, आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो नावाचं अॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. घरी तो जे काही वापरतो तेच वर्गात वापरू द्या, आणि "मोबाइल बंद" हा नियम त्याला लावू नका. व्हीलचेअर असेल तर रॅम्प, आणि रॅम्प म्हणजे दोन फळ्या नव्हेत, दर एक इंच उंचीला निदान बारा इंच लांबी धरतात, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. आपली जुनी दगडी चर्चेस चार-चार पायऱ्यांवर उभी आहेत, तिथे गणित लांब जातं, मग बाजूच्या दाराकडून काही जमतंय का बघा. उचलून आत न्यायची पद्धत लहानपणी ठीक वाटते, चौदा वर्षांच्या मुलीला चार काकांनी उचलणं ठीक नाही.

कमी ऐकू येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नका. एवढंच. श्रवणयंत्र असलं तरी उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो आणि त्याला नुसता गोंधळ ऐकू येतो.

फिट आली तर काय करायचं हे प्रत्येक टीचरला आणि यूथच्या प्रत्येक दादा-ताईला पाठ पाहिजे, वचनांसारखंच. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, चष्मा काढा, घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. आणि हो, चप्पल हुंगवू नका, कांदा पण नको, अजूनही कुणीतरी धावत जाऊन कांदा आणतंच. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एक संपून लगेच दुसरी आली, तर सरळ हॉस्पिटल. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, त्यामुळे कॅम्पच्या खेळात कोलांट्या आणि मानेवर जोर येणारे प्रकार पालकांना विचारल्याशिवाय नकोत, हृदयाचंही विचारून घ्या.

संस्कारांचा प्रश्न वसईकडच्या कॅथलिक घरांत फार येतो, फर्स्ट होली कम्युनियनचा, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या तयारीचा वर्ग सुरू झाला की. "त्याला काय कळणार" म्हणून घरचेच मागे राहतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत, कॅनन म्हणजे कलम ७७७ मध्ये, शारीरिक किंवा मानसिक अडचण असलेल्यांना त्यांच्या कुवतीप्रमाणे धर्मशिक्षण मिळेल हे बघणं ही धर्मगुरूंची जबाबदारी म्हणून लिहिलंय, उपकार म्हणून नाही. कम्युनियनबद्दल कॅनन ९१३ मुलाने आपल्या कुवतीप्रमाणे समजून घ्यावं असं म्हणतो. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९९५ मध्ये दिव्यांगांच्या संस्कारांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात तर हे साधं नेहमीचं खाणं नाही एवढं मुलाला कळलं, आणि ते शब्दात नाही तर हावभावात दाखवलं, तरी पुरे म्हटलंय, आणि शंका असेल तिथे कौल मुलाच्या बाजूने द्या असं आहे. ते मार्गदर्शन तिकडचं आहे पण इथल्या फादरांशी बोलताना उपयोगी पडतं. अडचण बऱ्याचदा श्रद्धेची नसतेच, जिभेची असते, तो कोरडा पातळ होस्टिया, म्हणजे कम्युनियनची भाकर, टाळूला चिकटतो आणि मूल थुंकून टाकतं. त्यासाठी आधी काही आठवडे अभिमंत्रण न झालेले होस्टिया घरी देऊन सराव करायचा, अगदी लहान तुकड्यापासून. लहानसा कणही चालतो, किंवा नुसता द्राक्षारस. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाची भाकर वेगळी असते पण तुकडा लहान करणं आणि आधी सराव करणं तिथेही तेवढंच लागू.

नाताळच्या नाटकाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. स्पेशल मुलाला दरवर्षी मेंढरू करू नका. कळपात बसवलं की झालं, संवाद नाही, कुणाला टेन्शन नाही, समजतं मला, पण दहा वर्षं तो मेंढरूच. डाऊन सिंड्रोमची मुलं स्टेजवर खुलतात बऱ्याचदा, अशा मुलीला मागी, म्हणजे तारा बघून आलेला ज्ञानी, करा, एक पेटी घेऊन चालत यायचं आणि वाकायचं, संवाद आधी रेकॉर्ड करून लावा. ज्याला गर्दी सोसत नाही त्याला तारा ओढायच्या दोरीपाशी पडद्यामागे बसवा, ते खरं काम आहे, तारा हलला नाही तर मागी अडकतात. आणि मेणबत्तीच्या भक्तीत सगळे दिवे एकदम घालवायच्या आधी त्याला सांगा.

सुरक्षेवर बोलायला लोकांना अवघड वाटतं, पण या मुलांना लैंगिक शोषणाचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, त्यांना सांगता येत नाही म्हणून, आणि सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही म्हणून. बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल असं कधीच नको, दोघं मोठे हवेत किंवा दार उघडं. टॉयलेटला कोण नेणार, कशी मदत करायची हे पालकांशी आधीच ठरवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा, त्यात मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेऊन केलेला गुन्हा जास्त गंभीर धरलाय, आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, "मंडळीत मिटवू" हा पर्यायच कायद्यात नाही. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, हा नंबर वर्गाच्या भिंतीवर लावा. आणि "आपले ब्रदर तसे नाहीत" असं म्हणाल तर जाँ व्हानिए यांचं उदाहरण बघा. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसोबत राहणारी लार्श ही संस्था त्यांनी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू केली, जगभर लोक त्यांना जिवंतपणी संत मानायचे, बंगलोरला १९७० पासून त्यांचं आशा निकेतन आहे. ते वारल्यावर २०२० मध्ये लार्शनेच करवून घेतलेल्या चौकशीत बाहेर आलं की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. चांगलं काम आणि चांगला माणूस हे एक धरून चालू नये. नियम सगळ्यांना सारखे, पाळकसाहेबांनाही.

आता यूथ. लहानपणी हे मूल गोड वाटतं, सगळे गाल ओढतात, पंधरा-सोळाचं झालं, मिशी आली, की तेच लोक जरा लांब सरकतात. संडेस्कूलमधून त्याच्या बरोबरीची मुलं युवक संघात गेली तरी त्याला छोट्यांच्या वर्गातच ठेवतात, "तिथे तो रमतो" म्हणून. सोळा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलांत बसवू नका, समज कमी असली तरी वय सोळाच आहे, त्याला क्रिकेट बघायचंय, मुलींकडे बघायचंय, दादांसोबत बाइकवर बसायचंय. शरीर बदलतं, त्याबद्दल त्याच्याशी कुणीतरी साध्या शब्दांत बोलायला हवं, कुठे हात लावायचा नाही, कुणाला मिठी मारायची आणि कुणाशी नुसतं हात मिळवून सलाम म्हणायचं. हे न शिकवता तो कुणाला मिठी मारतो आणि मग यूथमधून काढतात, आणि दोष त्याचा.

इथे जोडीदार पद्धत सगळ्यात चांगली चालते. दोन-तीन मुलंमुली आळीपाळीने, एकावरच भार नको, नाहीतर महिन्याभरात तो कंटाळतो. जोडीदाराचं काम सांभाळणं नाही, सोबत असणं, म्हणजे ग्रुपमध्ये जोक झाला तर परत सांगणं, चहा आणायला दोघांनी जाणं. कॅम्पला न्यायचं असेल तर आधी एक दिवसाची सहल करून बघा, झोपायची जागा, औषधांच्या वेळा, काय खात नाही, घाबरला तर काय केल्यावर शांत होतो, हे आईकडून एका कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद लीडरच्या खिशात हवा, बसच्या डिकीतल्या बॅगेत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये त्यालाही घ्या. तो सकाळी सहाला चाळीस गुड मॉर्निंग टाकेल, मग त्याला जोडीदाराने सांगावं की एकच टाकायचा, काढून टाकायचं कारण नाही.

अठरा पूर्ण झाली की आणखी एक गोष्ट, जी पालकांना बऱ्याचदा माहीत नसते. बौद्धिक अक्षमता असली तरी अठरानंतर कायद्याने तो सज्ञान, आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, त्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच ट्रस्टची निरामय नावाची एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. मंडळीत वकील असतात, बँकेत काम करणारे असतात, रिटायर्ड क्लार्क तर भरपूर, त्यांनी वर्षातून एक दुपार बसून असे फॉर्म भरून दिले तर त्या घराचे किती हेलपाटे वाचतील.

पैशाचं म्हणाल तर फार लागत नाही. हेडफोनची एक जोडी, एक चटई, उशी, लॅमिनेट केलेली चित्रं, वाळूचं घड्याळ किंवा किचन टायमर, सेलोटेप. वार्षिक बजेटला मंडळीच्या पंचकमिटीपुढे "संडेस्कूल, स्पेशल मुलांसाठी" अशी वेगळी ओळ टाकून मागा, नाहीतर ते खाऊच्या पैशातून जातं आणि मार्चमध्ये खाऊ बंद होतो. रॅम्पचा खर्च मात्र वेगळा, तो इमारत फंडातून, आणि त्यासाठी सभेत उभं राहून बोलायला त्या मुलाच्या आईला पाठवू नका, तुम्ही बोला.